लोकरीच्या गुंड्याची डमी: काम कुठवर आलं

मंडळी, माझ्या चित्रपुस्तकाच्या डमीत, म्हणजे कच्च्या नमुना प्रतीत, लोकरीचा गुंडा एकदाचा शेवटच्या पानापर्यंत पोचला. पेन्सिलीतच, पण पोचला. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: आजी विणत बसलेली असते, गुंडा मांडीवरून घरंगळतो आणि घरभर हिंडतो. मजकुरात आजी फक्त तो शोधत असते. तो कुठे आहे, कुणी ढकलला, कशाकशाला अडकला, हे सगळं चित्रात. पान उलटेल तसा धागा लांबतो आणि गुंडा लहान होतो.

गेल्या काही महिन्यांत चित्रं काढण्याइतकाच वेळ चित्रपुस्तकांची परीक्षणं लिहिण्यात गेला. आणि खरं सांगते, हात सुधारला तो सरावाने, पण डमी सुधारली ती परीक्षणांनी. दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल चार नेमकी वाक्यं लिहायची तर ते पुस्तक ज्या पद्धतीने बघावं लागतं, तसं मी स्वतःचं काम कधी बघितलंच नव्हतं.

आता माझी पद्धत ठरून गेली आहे. पहिल्या वाचनात मजकूर कागदाच्या पट्टीने झाकायचा आणि फक्त चित्रं बघत शेवटपर्यंत जायचं. दुसऱ्यांदा चित्रं न बघता मजकूर मोठ्याने वाचायचा. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. पहिल्या दोन्ही वेळा गोष्ट पूर्ण कळली, तर पुस्तकात कुणीतरी फुकटचं राबतंय: एकतर चित्रं मजकुराची नक्कल करताहेत, नाहीतर मजकूर चित्राचं वर्णन करतोय. दोन्ही अर्धवट वाटली आणि तिसऱ्या वेळी लख्ख कळलं, तर ते खरं चित्रपुस्तक.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’. कोंबडी शेतवाडीतून फिरून जेवायच्या वेळेला घरी येते, एवढंच मजकूर सांगतो, तेही अवघ्या ३२ शब्दांत. तिच्या मागावर कोल्हा आहे आणि पावलोपावली त्याची फजिती होतेय, याचा मजकुरात उल्लेखही नाही. वाचून दाखवणारा मोठा माणूस एक गोष्ट सांगतोय आणि ऐकणारं मूल दुसरीच बघतंय. माझा गुंडा याच घराण्यातला, हे उघड आहे आणि मला त्याची लाज नाही.

परीक्षणासाठी आणखी एक गोष्ट करते, ती मात्र वेळखाऊ आहे. पुस्तकातल्या प्रत्येक जोडपानाचं, म्हणजे समोरासमोर उघडणाऱ्या दोन पानांचं, आगपेटीएवढं थंबनेल (छोटं कच्चं चित्र) काढते. तपशील नाही, फक्त गडद-फिकट आणि दिशा. सगळी थंबनेलं एका कागदावर आली की पुस्तकाचा श्वास दिसतो. मॉरिस सेंडाक यांचं १९६३ सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ असं उतरवून बघा. सुरुवातीला चित्र पानावर छोटं, भोवती भरपूर पांढरा कागद. मुलाची कल्पना पसरत जाते तसं चित्रही पसरतं, आणि ऐन दंग्यात सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. मग चित्र पुन्हा आक्रसतं, आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, नुसता मजकूर. पुस्तक वाचताना हे जाणवतं, पण दिसत नाही. थंबनेलांत दिसतं.

हे बघितल्यावर माझ्या डमीत सगळी चित्रं एकाच मापाची का, हा प्रश्न टाळणं अवघड झालं. पानांचं गणित तसं पक्कं असतं. मोठ्या तावाच्या एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ पानं छापून घड्या घातल्या की १६ पानांचा फॉर्म. असे दोन फॉर्म म्हणजे ३२ पानं, आणि बहुतेक चित्रपुस्तकं तेवढ्यातच बसवलेली असतात. पहिलं पान एकटं उजवीकडे, बत्तिसावं एकटं डावीकडे, मध्ये १५ जोडपानं. शीर्षक आणि प्रकाशनाचा तपशील यांनी सुरुवातीची पानं खाल्ली की गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपानं उरतात. अस्तर (मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूची पानं) वेगळ्या कागदाचं असेल तर ते या हिशेबात धरायचं नाही, त्यामुळे मी अस्तरावर नुसते विणकामाचे टाके ठेवले आहेत.

आता मांडणी अशी आहे: आजीची पानं छोट्या चौकटीत, गुंड्याची पानं कडेपर्यंत. कडेपर्यंत म्हणजे छाटणीसाठी चारी बाजूंनी निदान ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापला जाणारा जादा रंगवलेला भाग, सोडून.

धाग्याने मात्र डोकं खाल्लं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे त्या दिशेने पळणारी वस्तू ‘पुढे निघाली’ असं वाटतं आणि उलट येणारी अडलेली किंवा परतणारी. म्हणून गुंडा कायम उजवीकडे जातो आणि त्याला शोधणारी आजी डावीकडे तोंड करून उभी, प्रत्येक वेळी. मुलांना ओरडावंसं वाटलं पाहिजे की आजी, मागे बघ! प्रत्येक उजव्या पानाच्या काठाशी धागा कापला जातो आणि उलटल्यावर डाव्या काठावर त्याच उंचीवर सुरू होतो. ही उंची जुळवण्यासाठी मी सगळी जोडपानं एका लांब पट्टीवर शेजारीशेजारी चिकटवली आणि धागा एका दमात काढला. ज्यांच्या गोष्टीत रस्ता, नदी, आगगाडी असं काही सलग वाहणारं आहे, त्यांनी हे जरूर करून बघा.

दोन पानांमधल्या शिवणीबद्दलही एक निरीक्षण. बांधणीत तिथला थोडा भाग गिळला जातो. तिरका धागा तिथून नेला तर दोन तुकडे वरखाली सरकलेले दिसतात. आडवा नेला तर काही बिघडत नाही. चेहरे तर शिवणीपासून लांबच बरे. परीक्षण लिहिताना ही एक गोष्ट मी हमखास तपासते, आणि नावाजलेल्या पुस्तकांतही नाकाची घडी झालेली पात्रं भेटतात.

रंगाकडे येते. धागा लाल. जलरंगात अलिझरीन क्रिमझन दिसायला फार देखणा, पण खरं अलिझरीन उजेडात फिकं पडतं, म्हणून क्विनॅक्रिडोन या टिकाऊ रंगद्रव्याचा लाल घेतला. पण मूळ चित्र टिकवणं आणि छापून येणं या वेगळ्या गोष्टी. छपाईत लाल म्हणजे मजेंटा आणि पिवळ्याची एकावर एक छाप. बारीक रेघेत ते दोन ठसे केसभर जरी हलले तरी रेघेच्या एका बाजूला गुलाबी, दुसऱ्या बाजूला पिवळी किनार उमटते. यावर दोन उपाय: धागा जाड करायचा किंवा लालसाठी सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी या नेहमीच्या चार शायांखेरीज वेगळी पाचवी शाई वापरायची. सध्या धागा जाड केला आहे, लोकर आहे म्हणून शोभतोही.

स्कॅनिंगचं लवकर उरकते. अंतिम मापात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरतं, चित्र मोठं करायचं असेल तर ६००. अगदी फिकट वॉश, म्हणजे पातळ रंगाचे थर, स्कॅनर खाऊन टाकतो आणि खरखरीत कागदाच्या सावल्या पकडतो. त्यामुळे मी खरखरीत कोल्ड प्रेस कागद सोडून गुळगुळीत हॉट प्रेसवर आले. वॉश थोडे चिवट वागतात, पण रेघ सुंदर बसते.

अक्षरांचा विचार मी परीक्षणं लिहायला लागल्यावरच गंभीरपणे करू लागले. मजकूर काळ्याच शाईत का असतो, याचं एक व्यवहारी कारण आहे: पुस्तक दुसऱ्या भाषेत छापायचं झालं तर फक्त काळ्या शाईची प्लेट (छपाईचा पत्रा) बदलावी लागते, चित्राच्या बाकी तीन तशाच राहतात. गडद आकाशात पांढरी अक्षरं कोरली की ही सोय गेली. देवनागरीत आणखी एक अडचण, जी माझ्या या डमीतच ठळक झाली. शिरोरेषा ही स्वतःच एक आडवी रेघ आहे. तिच्या जवळून लाल आडवा धागा गेला की दोन रेघा एकमेकींशी भांडतात. शिवाय वर-खाली मात्रा आणि उकार असल्याने ओळींत अंतर जास्त लागतं, म्हणजे चित्रात मजकुरासाठी मोकळी जागा आधीपासून राखावी लागते. आता मजकूर असलेल्या भागात धागा उभा उतरतो किंवा गोल वळसा घेतो, आडवा कधीच जात नाही. शिवणीपाशी मात्र आडवाच, त्यामुळे मजकूर शिवणीपासून दूर, बाहेरच्या कोपऱ्यांत सरकला. एका अडचणीने दुसरीचं उत्तर दिलं, असं क्वचित होतं.

परीक्षणांविषयी एक कुरकुर करून घेते. चित्रपुस्तकांवर लिहिताना तीन परिच्छेद गोष्टीवर आणि शेवटी ‘चित्रंही छान आहेत’ ही एक ओळ, हे थांबायला हवं. ‘गोड’ हा शब्द मी स्वतःपुरता बंद केला आहे. गोड म्हणजे काय? डोळे मोठे आहेत, कडा गोलसर आहेत, रंग फिकट आहेत, की पात्राची उंची दरवाजाच्या मानाने फारच कमी ठेवली आहे? यातलं काय ते लिहिलं की वाचणाऱ्याला पुस्तक दिसतं, आणि लिहिणाऱ्याला आपल्या कामात वापरता येईल असं काहीतरी हाताला लागतं.

पुढचं काम: गुंडा संपतो त्या जोडपानाचे दोन पर्याय पडून आहेत. एकात धाग्याचं टोक आणि आजीचं पाऊल एकाच पानावर. दुसऱ्यात टोक उजव्या काठाबाहेर जातं आणि काय सापडलं ते उलटल्यावर, बत्तिसाव्या पानावर. दुसरा मला आवडतो, पण मग बत्तिसाव्या पानावर मजकूर नको आणि त्याआधीचं वाक्य अर्धं तोडावं लागेल. दोन्हींच्या घडी घातलेल्या छोट्या प्रती करून मुलांसमोर उलटून बघणार आहे. आणि कुणी बारीक लाल रेघ पाचव्या शाईत छापून घेतली असेल, तर प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, ती कितपत जाड ठेवावी लागली ते नक्की सांगा.