सहा पायऱ्या दिसल्या की निघायचं

फोनवर "तीनला धक्क्यावर या" असं ठरलं होतं, म्हणून आम्ही पावणेतीनलाच चिपळूणच्या गोवळकोटला येऊन बसलो. होडी समोर होती, नावाडीमामा समोर होते, वाशिष्ठी नदी तर होतीच. निघायचं मात्र कोणी नाव घेईना. साडेतीन झाले तसं मी विचारलं, "मामा, अजून कुणी यायचंय का?"

मामांनी धक्क्याच्या पायऱ्यांकडे हात केला. "चार दिसतायत. सहा दिसल्या की निघायचं."

तेव्हा कुठे कळलं, की आम्ही माणसांची नाही, पाण्याची वाट बघत होतो. भरती असताना खाडीचे दोन्ही काठ पाण्याखाली असतात, मगरी त्या पाण्यात कुठेतरी असतात आणि आपण नुसतं पाणी बघून परत येतो. सुकती लागली, म्हणजे ओहोटी सुरू झाली, की चिखल उघडा पडतो आणि ऊन खायला त्या वर येतात. चिपळूणला मगरी बघायला जायचं तर घड्याळात वाजलेत किती याला फारसा अर्थ नाही.

मी तशी तयारी करून आले होते. मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं होतं. त्यात पूर्ण भरती सकाळी पावणेअकराला होती. आत्यानं ते बघितलंसुद्धा नाही. तिचं बालपण खाडीकाठच्या गावात गेलंय. "आज पौषातली चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा," एवढं बोलून तिनं टोपी नीट केली. कोकणातला हा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ॲप आणि आत्या यांच्यात पंधरा मिनिटांचा फरक पडला, आणि मला वाटलं आता वाद होणार. पण मामा म्हणाले, "दोघींचं बरोबर हाय. पण ते दाभोळचं. पाणी इथवर चढायला अजून दीड-दोन तास लागतात."

दाभोळ म्हणजे नदीचं तोंड, इथून चाळीसेक किलोमीटर खाली. समुद्राची भरती तिथून आत शिरते आणि वळणं घेत घेत चिपळूणच्या दारापर्यंत येते. पूर्वी मुंबईची बोट दाभोळला लागायची आणि पुढचा प्रवास लाँचने, भरती धरून. आत्या त्या लाँचमधून आलेली आहे. तिच्या आठवणीत निसर्गसौंदर्य वगैरे काही नाही. एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन बसली होती आणि त्यातली एक कोंबडी पाण्यात गेली, एवढंच तिला लख्ख आठवतं. पुढे काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय होणार? सुसरीचं पोट भरलं."

इथले जुने लोक मगरीला सुसरच म्हणतात. पुस्तकात सुसर म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची, ती गंगा-चंबळेकडे. वाशिष्ठीत आहे ती रुंद तोंडाची, गोड्या पाण्याची मगर. पण धक्क्यावर उभं राहून हे शहाणपण सांगायची माझी छाती झाली नाही.

पाचवी पायरी उघडी पडली, मग बऱ्याच वेळाने सहावी. शेवाळाने हिरवीगार, कडेला कालवांचे धारदार तुकडे चिकटलेले. चारला पाच कमी असताना मामांनी दोर सोडला. होडीत आम्ही चौघं: मी, आत्या, माझा भाऊ आणि त्याची आठ वर्षांची मुलगी. शिवाय मामा आणि वाट दाखवायला आलेला त्यांचा भाचा, गळ्यात दुर्बीण घालून. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. आत्यानं ते घातलं, पण पदर त्यावरून घेतला.

धक्का मागे पडला तसा डाव्या अंगाला गोविंदगड दिसू लागला. छोटासा किल्ला, तटबंदीवर झाडं माजलेली, पण जागा अशी निवडलीय की खाडीतून वर येणारं कुठलंही गलबत त्याच्या नजरेतून सुटू नये. समोरच्या काठाला परशुरामाचा डोंगर. महामार्गाच्या घाटातून खाली बघताना हीच नदी किती तरी वेळा पाहिली होती, नागमोडी, चकाकणारी, मध्ये हिरवी बेटं. गाडीतून सगळे "वा" म्हणतात आणि पुढे जातात. खालून बघताना घाटातल्या गाड्या मुंग्यांएवढ्या दिसतात आणि त्यांचा आवाज अजिबात येत नाही.

पहिली मगर मला दिसलीच नाही. भाचा सांगत होता, "त्या ओंडक्याच्या उजवीकडे", मी ओंडक्याच्या उजवीकडे बघत होते, आणि ओंडकाच मगर होता. सात-आठ फूट असेल. मामांनी इंजिन बंद केलं आणि होडी नुसत्या ओढीवर वाहू दिली. मगर जबडा उघडून पडली होती. भाची कुजबुजली, "ती आपल्याला घाबरवतेय?" भाच्यानं तितक्याच हळू सांगितलं, की नाही, तिला गरम होतंय. मगरीला आपल्यासारखा घाम येत नाही. अंग तापलं की ती तोंड उघडून उष्णता सोडते. थंडीच्या दिवसांत सकाळपासून ती उन्हात पडून असते, कारण तिचं रक्त आपलं आपण तापत नाही. उन्हानं तापायचं, तोंडानं निवायचं, एवढाच कार्यक्रम.

मी फोटोंच्या मागे होते, पण लक्ष गेलं ते तिच्या पायाजवळच्या चिखलाकडे. तिथे निवट्या उड्या मारत होत्या. बोटाएवढा मासा, डोळे डोक्याच्या वर बसवल्यासारखे, पुढच्या पंखांवर रेलून चिखलातून सरपटणारा. एक निवटी मगरीच्या पंज्यापासून वीतभर अंतरावर आली, थांबली, पाठीवरचा पंख शिडासारखा उभारला, पुन्हा मिटला आणि निघून गेली. शेजारी एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी वर-खाली हलवत होते. ते सगळे नर; मादीला बोलावणं चाललेलं असतं. दहा-बारा जण एकदम हात हलवतायत आणि बोलावणी कुठे पोचतायत ते कळत नाही. मगर तोंड उघडून हे सगळं ऐकत पडलेली. मला विचाराल तर पैसे इथेच वसूल झाले होते.

पुढे कांदळवन सुरू झालं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिली रोवाव्यात तशी वर आलेली, श्वास घेण्यासाठी. भाच्यानं एक पान तोडून भाचीला चाटायला दिलं. खारट! हे झाड मुळातून खारं पाणी घेतं आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. फांद्यांत एक खंड्या, लांबवर पाणकावळे पंख वाळत घालून बसलेले, आणि डोक्यावर ब्राह्मणी घारी.

त्याच फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही बऱ्याच वर, प्लॅस्टिकच्या चिंध्या लटकत होत्या. एका ठिकाणी लहान मुलाच्या शर्टाची बाही. इतक्या उंचावर कचरा कोण टाकतं, असं भाऊ म्हणाला. मामा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "टाकला नाय कोणी. पाणी तिथे होतं." 22 जुलै 2021 चा तो पूर. वरून कोसळता पाऊस, खालून भरती, आणि मध्ये चिपळूण. त्यानंतर नदीतला गाळ काढायची मोठी कामं झाली, बरीच बेटं कमी झाली. मामांना जुन्या बेटांची नावं पाठ आहेत. जिथे आता नुसतं पाणी आहे तिथे बोट करून ते नाव सांगतात.

या नदीची आणखी एक गंमत इथेच कळली. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात, ही आटत नाही. कारण हिच्यात कोयनेचं पाणी येतं. कोयना सह्याद्रीपलीकडची, कृष्णेला मिळणारी, म्हणजे जायची बंगालच्या उपसागराकडे. पण शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून डोंगराच्या अलीकडे आणतात, पोफळीकडे खाली सोडून त्यावर वीज करतात, आणि ते पाणी मग वाशिष्ठीत उतरतं. 1,960 मेगावॅटचा प्रकल्प आहे. महाराष्ट्रातल्या दिव्यांचं उरलेलं पाणी आमच्या होडीखालून वाहत होतं. खालून समुद्राचं खारं, वरून दुसऱ्याच खोऱ्यातलं गोडं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये मगरी.

पाच वाजून गेले. एकूण नऊ मगरी झाल्या, म्हणजे भाचीच्या हिशेबाने अकरा. मामांनी होडी वळवली.

इथे मी आगाऊपणा केला. सूर्यास्त बघायलाच तर आलोय, अजून तो तासभर लांब आहे, थोडं थांबू या ना! मामा म्हणाले, "सहाच्या आत बेटाच्या पुढे गेलेलं बरं." मी म्हटलं, "पाचच मिनिटं हो." ती पाच मिनिटं मी तीन वेळा मागितली. भाचा वर बघत राहिला. मामांनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. आणि नाही म्हटलेलं ऐकू न येणं, हा माझा.

सूर्यास्त बेताचाच झाला. खाडीला दोन्ही बाजूंनी टेकड्या, त्यामुळे सूर्य पाण्यात वगैरे बुडत नाही, सहाच्या आधीच एका टेकडीमागे जाऊन बसतो. पाणी थोडा वेळ तांबूस झालं, मग करडं. बगळ्यांची एक रांग अगदी खालून, पाण्याला टेकेल अशी गेली. मी तीस-चाळीस फोटो काढले, त्यातले दोन बरे आलेत.

परत फिरलो आणि बेटाच्या टोकाला होडीखाली हळूच खरखर झालं. मग काहीच झालं नाही. इंजिन घुरघुरलं, मागे चिखलाचा ढग उठला, होडी जागची हलेना. मामांनी बांबू रोवून रेटा दिला. बांबू ढोपरभर आत गेला आणि तिथेच राहिला. भाऊ बूट काढू लागला, उतरून ढकलू म्हणाला. "बसा खाली," असं मामा पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. मग त्यांनी बॅटरी लावून काठावरून फिरवली. लांब, पाण्याच्या पातळीला, दोन लालसर ठिणग्या चमकल्या. त्यांच्या डावीकडे आणखी दोन. भाऊ बूट पुन्हा घालू लागला.

आम्ही जवळजवळ पाऊण तास तिथे बसलो. रागावलं कोणीच नाही, त्यामुळे मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. पण पूर्वेकडे बघितलं तर सह्याद्रीच्या वर चतुर्दशीचा चंद्र केव्हाच आलेला, आम्ही पश्चिमेकडे कॅमेरे रोखून बसलो होतो तेव्हापासून. चिखल त्याच्या उजेडात ओल्या पत्र्यासारखा चमकत होता. चिखलाचाही आवाज असतो, हे तेव्हा कळलं: हजारो बारीक बुडबुडे फुटल्याची सततची टिकटिक. कुठूनतरी कोकण रेल्वेची गाडी पुलावरून गेली, आणि ती गेल्यावर टिकटिक पुन्हा ऐकू यायला लागली. भाची आत्याच्या मांडीवर झोपली. आत्यानं तिच्या अंगावर पदर टाकला आणि मला म्हणाली, "आता पाणी फिरेल बघ. फेसाकडे बघ."

फेसाचा एक पांढरा पुंजका होडीच्या कडेने दाभोळकडे चालला होता. तो हळू झाला. थांबला. जागच्या जागी एक गिरकी घेतली, आणि मग, आधी वाटलं आपल्याला भास होतोय, पण खरंच, तो चिपळूणकडे निघाला. दहा-पंधरा मिनिटांत तळाशी पुन्हा ती खरखर झाली, आणि होडी एका बाजूने किंचित उचलली गेली. मामांनी उपसलेला बांबू आडवा ठेवला. "चला."

धक्क्याला लागलो तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. भाच्याने बॅटरी धरली, मामांनी आत्याचा हात धरला. तळच्या पायऱ्या निसरड्या, रोज थोडाच वेळ हवा बघणाऱ्या. आत्या एकेक पायरी मोठ्याने मोजत चढली. अकरा भरल्या. वर आल्यावर तिनं एकदा मागे वळून पाहिलं. सगळ्यात खालची पायरी पुन्हा पाण्यात गेली होती.