नुसतं बघायचे १७० डॉलर

माझ्याकडं इथं फ्रेस्नोला २००१ चा सहा सिलिंडरचा पेट्रोल पिकअप आहे, आणि महिनाभर तो सिग्नलला थांबला की असा थरथरायचा की शेजारच्या सीटवरचा डबा सरकत सरकत कडेला यायचा. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा सातशेच्या आसपास पाहिजे, तो पाचशे ते नऊशे नाचायचा. रेस दिली की मात्र एकदम सरळ. त्यात चेक इंजिनचा दिवा लागला आणि कॅलिफोर्नियात तो दिवा चालू असला की स्मॉग टेस्ट फेल, टेस्ट फेल तर रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. आपल्या पीयूसीसारखं सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि कागद हातात असलं इथं चालत नाही.

म्हणून गॅरेजला गेले. माणूस बोलायला चांगला होता, पण बॉनेट उघडायच्या आधीच कागद पुढं केला, डायग्नोसिसचे १७० डॉलर, दुरुस्तीचे वेगळे. म्हणजे काय बिघडलंय ते नुसतं सांगायचे! मी सही न करता परत आले आणि दोन दिवस माझं डोकं त्यावरच. सांगलीत माधवनगर रोडला मामाचं गॅरेज, शाळा सुटली की मी तिथं जुन्या टायरवर बसून अभ्यास करायचे, तासगावहून बेदाणा भरून आलेला टेम्पो दारात थांबला की मामा जागेवरनंच सांगायचा, तीन नंबरचा सिलिंडर मारत नाय. त्या सांगण्याचा त्यानं कधी रुपया घेतला नाही, पैसे फक्त कामाचे. आणि इथं कान लावायच्या आधीच मीटर चालू.

एक मात्र इथलं चांगलं आहे, ते मान्य केलंच पाहिजे. लेखी अंदाज दिल्याशिवाय आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय काम करायचं नाही हा कायदाच आहे, आणि आधी सांगितलं तर काढलेला जुना पार्टही मागता येतो. आपल्याकडं चार हजार सांगून बारा हजाराचं बिल हातात ठेवणारे कमी आहेत का? पण मामा त्यातला नाही, त्याच्याकडं जुना पार्ट न मागता गिऱ्हाइकाच्या हातात पडतो.

अमेरिकेत जाऊन पंचवीस वर्षं जुनी गाडी का, असं आईला गल्लीतल्या बायका विचारतात. हप्ता नाही, मागं खताची पोती टाकता येतात आणि मला ती आवडते, बास.

पार्ट्सच्या दुकानात गाडीच्या कंप्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड फुकट वाचून दिले, पी०१७१ आणि पी०१७४. म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवा जास्त, पेट्रोल कमी. दुकानातला पोरगा म्हणाला ऑक्सिजन सेन्सर बदला. संध्याकाळी साडेसहाला मामाला व्हिडिओ कॉल लावला, सांगलीत सकाळचे सात, हातात चहा.

"अगं पोरी, दोन्हीकडचे सेन्सर एकदम कसे जातील? ते खरंच सांगालेत. रेस दिल्यावर सरळ व्हतीय नव्हं? मग कुठनंतरी हवा खातीय."

मग त्यानं नीट समजावलं. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल म्हणजे हवेची झडप जवळजवळ बंद, इंजिन हवा थोडीच घेतं, तेव्हा चोरून आत शिरलेली हवा त्यात मोठी ठरते. रेस दिली की मोजलेली हवा इतकी येते की चोरीची त्यात बुडून जाते. मी वीस डॉलरचा स्कॅनर लावून बघितलं, तर आयडलला कंप्युटर बावीस टक्के जादा पेट्रोल देत होता, अडीच हजार आरपीएमला पाचच टक्के. मामाचं बोलणं आकड्यात तसंच्या तसं.

शेजारी म्हणाला कार्ब क्लीनर मार, गळतीवर लागला की आवाज बदलतो. मामानं साफ नको म्हटलं, तापल्या इंजिनावर पेटणारी वस्तू मारायची नाही. झाडांवर मारायच्या बाटलीनं पाणी मार, ठिणगीच्या कॉइलकडं नको, एकेका पाइपावर थांबून, गळतीवर पाणी पडलं की ती क्षणभर बुजते. मी फोन एका हातात धरून मारत गेले. हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या मागं, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या बाजूला, जिथं हात जेमतेम जातो, तिथं पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातला वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या नळीचा, रबरी एल्बो (वाकडा तुकडा) आहे. त्यावर पाणी पडलं आणि क्षणभर इंजिन शांत झालं, मग परत नाचायला लागलं.

"थांब! तितंच!" मामा मोबाइलमधनं ओरडला. काय दिसत नव्हतं त्याला, नुसता आवाज ऐकला.

इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं आणि बोटानं खालनं चाचपलं. वरनं रबर ठीक होतं, खालनं तेल पिऊन पिऊन चिकट, जास्त पिकलेल्या केळ्यासारखं मऊ, आणि बोटाच्या पेराएवढी चीर. नवा एल्बो चौदा डॉलरला आला, बसवायला वीस मिनिटं. काटा सातशेवर बसला. कोड पुसून लगेच टेस्टला जायचं नसतं, कंप्युटरच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण व्हायला गाडी पळवावी लागते, म्हणून आठवडाभर चालवली आणि मग गेले. पास.

रात्री मामाला म्हटलं, इथल्या हिशोबानं तुझे १७० डॉलर झाले, पाठवते. तो रागावलाच. मी लई आग्रह केला, दिवसाला दहा गाड्यांचं तू नुसतं ऐकून सांगतोस, चाळीस वर्षं, त्याची किंमत घ्यायला पाहिजेस की. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "त्यो फाटका एल्बो टाकू नगंस. येताना घिऊन ये, हितल्या पोरांना दाखवतो."

धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत ठेवलाय.