आईची पर्स, नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

आईकडून आलेली चामड्याची पर्स आज दुरुस्तीहून परत आली. अस्तर तेच, आतल्या कप्प्याला तिच्या पावडरचा वासही तोच. नवी पर्स कितीही सुंदर असो, हे तिच्यात मिळत नाही.

चेन मागून उघडत असेल तर लगेच अख्खी चेन बदलू देऊ नका. बहुतेक वेळा रनर, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा, सैल झालेला असतो. तो मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी पकडीने अगदी हलका दाबा. जोर लावला तर तडकतो. मग दातांवर मेणबत्ती घासा. पट्ट्याची शिलाई मात्र जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या जाड दोऱ्याने करायला सांगा. शेजारी नवी भोकं पाडली की चामडं त्याच रेषेवर फाटतं.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, चामडं कोरडं पडून भेगाळतं. त्यात खोलीत कूलर असेल तर दमट हवेने बुरशी! ती घराबाहेर, सावलीत, कोरड्या ब्रशने झाडा. नंतर चामड्याचं क्रीम, अगदी पातळ. खोबरेल तेल नकोच, डाग पडतात आणि खवट वास येतो. ठेवताना आत जुन्या सुती साडीचे तुकडे भरा, वरून सुती पिशवी. प्लॅस्टिक नाही.

रेक्झिन सोलायला लागलं तर मात्र क्रीमचा उपयोग नाही.

आणि बाबांचं सेलवरचं घड्याळ नुसतं जपून ठेवलं असेल तर सेल आधी काढा. तो गळला की आतलं मशीन खराब होतं.