पोटातले पाणी

मी धुळ्यात राहतो आणि गेली एकोणीस वर्षे लग्नकार्ये, जागरण-गोंधळ, साखरपुडे अशा प्रसंगांच्या स्वयंपाकाची कामे घेतो. शाकाहारी कामात बाजारहाट म्हणजे किराण्याची यादी आणि भाजीची गाडी; त्यात सांगण्यासारखे फारसे काही घडत नाही. बोकडाच्या जेवणाचे काम घेतले की मात्र पहाटे उठून गुरांचा बाजार गाठावा लागतो आणि त्या बाजाराचा एकही दिवस दुसऱ्यासारखा जात नाही. त्यांपैकी गेल्या वैशाखातला एक दिवस मी अजून विसरलेलो नाही.

अमळनेर तालुक्यातल्या एका घरी कुलदैवताचे जागरण होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारशे माणसांचे जेवण. माणशी सव्वादोनशे ग्रॅम कच्चे मटण धरले तर नव्वद किलो लागते. अठ्ठावीस किलोच्या आसपासचा बोकड कापल्यावर हाडासकट तेरा किलोपर्यंत मटण देतो. म्हणजे सात बोकड. इतके मटण शहरातल्या दुकानातूनही मिळते आणि खरे सांगायचे तर बाजारात जाऊन पैसे काही फारसे वाचत नाहीत. मी जातो ते वयासाठी. दुकानातल्या नव्वद किलोंत चार-पाच वयांची जनावरे मिसळलेली असतात. कोवळ्या बोकडाचे मटण लाकडाच्या जाळावर तासाभरात शिजते, तर चार दातीचे, म्हणजे वयाने जुन्या बोकडाचे, दोन तास घेते. ही दोन्ही एका पातेल्यात पडली की कोवळ्याचा लगदा होतो आणि जुन्याची दातांशी झटापट सुरू राहते. वाटण कितीही चांगले भाजले, काळा मसाला घरी कांडलेला असला, तरी हा दोष झाकत नाही. म्हणून सातही बोकड एकाच वयाचे, दुधाच्या दातांचे आणि लहानपणीच खच्ची केलेले हवे असतात. खच्ची न केलेल्या बोकडाच्या मटणाला जो उग्र दर्प येतो, तो पंक्तीतल्या शेवटच्या माणसालाही कळतो.

या खरेदीला माझ्यासोबत नाना असतात. ते पिढीजात खाटीक, वय सत्तरीच्या पुढे, आणि आमचा व्यवहार ठरलेला: जनावर पारखून देणे, कापून, साफ करून देणे, आणि त्याची मजुरी नगावर घेणे. त्या आठवड्यात ते शिंदखेडा तालुक्यात मुलीकडे मुक्कामाला होते. बाजारही त्याच तालुक्यातल्या एका गावाचा होता, म्हणून ते एसटीने परस्पर तिथे येणार होते. मी पिकअप घेऊन साडेसहालाच पोहोचलो. वैशाखात आमच्याकडे अकरानंतर बाजारात उभे राहवत नाही. जे काही व्हायचे ते उन्हाच्या आधी उरकते.

बाजाराचे दोन भाग आहेत. एका अंगाला बैल, गाई आणि म्हशी, दुसऱ्या अंगाला शेळ्या-मेंढ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यात लम्पीचा रोग दिसला आणि पुढे गुरांचे बाजार बंद झाले. तेव्हापासून या बाजाराची बैलांची बाजू पूर्वीसारखी भरलेली मी पाहिली नाही. तरी गमछ्याखाली बोटे दाबून सौदा करणारी जुनी माणसे तिथे अजून दिसतात. शेळ्यांकडे असा पडदा नसतो, तिथे सगळा गलका उघड्यावर चालतो. ठेलारी मेंढपाळ आपले मेंढे घेऊन एका कडेला बसलेले असतात, एखादी बाई दोन करडे दाव्याला धरून सकाळपासून उभी असते, आणि मधल्या जागेत हेडी लोकांचे कळप. हेडी म्हणजे गावोगाव फिरून जनावरे गोळा करणारा व्यापारी. एका वयाचे सात बोकड एका जागी हवे असतील तर त्याच्याकडेच जावे लागते.

त्या दिवशी माझ्यासोबत नवा इलेक्ट्रॉनिक काटा होता, बॅटरीवर चालणारा, चौकट लावून जनावर उभे करता येईल असा. इतकी वर्षे नानांच्या अंदाजावर विसंबून काम केले, आता निदान हिशेब तरी आकड्यात असावा, असे मला वाटत होते, आणि त्यात थोडा दिमाखही होता हे नाकारण्यात अर्थ नाही. नाना यायला अवकाश होता. एका हेडीकडे नऊ बोकड दिसले. मी स्वतः एकेकाचा जबडा उघडून पाहिला. बोकडाला वरच्या बाजूला समोरचे दात नसतातच. खालच्या आठांतले मधले दोन पडून मोठे आले की तो साधारण सव्वा ते दीड वर्षाचा, म्हणजे दोन दाती समजायचा. नवांपैकी सातांचे दात बारीक, दुधाचे आणि सारखे होते. पाठीचा कणा चाचपला, तोही भरलेला लागला. भाव जिवंत वजनावर किलोला ३६० रुपये ठरला. हेडीने फारशी घासाघीस केली नाही. उलट, "काटा तुमचाच, मापही तुमचेच," असे म्हणाला. ते ऐकून मी सावध व्हायला हवे होते, पण मी खूश झालो. सातांचे मिळून वजन २०१ किलो भरले, रक्कम ७२,३६० रुपये झाली, आणि मी पाच हजारांचा इसार त्याच्या हातावर ठेवला.

नाना आठ वाजता आले. चहा घेण्याआधी त्यांनी बोकडांकडे पाहिले आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की हे कडब्याकडे का पाहत नाहीत. मी ते पाहिलेच नव्हते. शेजारच्या कळपातले बोकड समोर पडलेल्या पेंढ्या ओढत होते आणि आमचे सात पाय फाकवून, मान वर धरून, जेवण जास्त झालेल्या माणसासारखे उभे होते. नानांनी एकाच्या डाव्या कुशीत मूठ दाबली आणि सोडली. रवंथ करणाऱ्या जनावराचे मोठे पोट डाव्या बाजूला असते. दाबून सोडल्यावर त्यातून पखालीसारखा आवाज आला. मग त्यांनी त्याच्या दाढीवरून बोट फिरवून ते जिभेला लावले.

"भाऊ," ते मला म्हणाले, "याना पोटमा मटण नही, पानी शे."

प्रकार असा होता की पहाटे ढेपेत मीठ कालवून खाऊ घातले होते आणि मग पाण्याची बादली पुढे ठेवली होती. मिठाने तहानलेला बोकड दोन-अडीच लिटर पाणी सहज पितो. काटा त्याचे वजन अगदी बरोबर दाखवतो. पाण्याचे कोणते आणि मटणाचे कोणते, हे सांगणे त्याचे काम नाही. माझा काटा खरेच बोलला होता. फसलो होतो मी.

मी चिडून हेडीला इसार परत मागितला. त्याच्या पोटातले पाणीही हलले नाही. (हा वाक्प्रचार त्या दिवशी मला फार बोचला.) "तहान लागनी व्हती त्यासले," तो शांतपणे म्हणाला, "उन्हाळा शे, पाणी पाजू नये का?" भोवती माणसे जमली. एक दलाल पुढे होऊन सांगू लागला की तोल झाला, इसार झाला, आता मागे फिरणे बाजाराच्या रीतीत बसत नाही. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मला फसवले होते हेही खोटे नव्हते, पण ते सिद्ध करायला माझ्याजवळ नानांच्या जिभेवरच्या मिठाखेरीज काही नव्हते.

नाना मात्र भांडलेच नाहीत. त्यांनी लबाडीचा शब्दही काढला नाही. सातही बोकड त्यांनी जवळच्या निंबाखाली बांधले, हेडीला शेजारी बसवले, चहा मागवला आणि त्याच्या गावची, पावसाची, कापसाच्या भावाची चौकशी सुरू केली. त्याला वाटले प्रकरण मिटले. तीन तास आम्ही तिथे बसलो. पहिल्या तासातच निंबाखालची माती ओली झाली आणि बोकड एकामागून एक पेंढीकडे वळू लागले. साडेअकराला नानांनी मला पुन्हा काटा लावायला सांगितला. वजन १९२ किलो भरले.

नऊ किलो, म्हणजे ३,२४० रुपये. मी तो आकडा मोठ्याने वाचला, पण हेडीही कच्चा नव्हता. जनावर नुसते उभे राहिले तरी तीन तासांत वजन घटते, तुम्ही ते सगळे माझ्या माथी मारू नका, असे तो म्हणाला, आणि नानांनी मान डोलावली, कारण ते खरे आहे. मग ते उठले, सातही बोकडांच्या पाठीवरून, मांडीवरून, शेपटीच्या बुडाशी हात फिरवला, आणि एकेकाचे मटण किती निघेल ते सांगत गेले: चौदा, तेरा, साडेबारा, तेरा, बारा, साडेतेरा, बारा. बेरीज बरोबर नव्वद. "काटा राहू दे," ते म्हणाले, "उक्ता सौदा करू." म्हणजे वजन न धरता सातांची मिळून एकच रक्कम. एकोणसत्तर हजारांपासून बोलणे सुरू झाले आणि सत्तर हजारांवर थांबले. हेडीला हजारभर जास्त सुटले, मला दोन हजारांवर वाचले, आणि दलालाने दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. बाजार समितीची पावती घेतली, पशुवैद्यकाचा वाहतुकीचा दाखला घेतला आणि गाडीत पेंढा पसरून आम्ही निघालो.

वाटेतले सांगण्यासारखे काही नाही. संध्याकाळी यजमानांच्या गोठ्यात बोकड बांधले. कापण्याच्या आदल्या रात्री चारा तोडतात, पण पाणी भरपूर ठेवतात. ज्यांच्या पाण्यावरून सकाळी भांडलो, त्यांच्यापुढे मी स्वतः दोन बादल्या नेऊन ठेवल्या आणि नाना पहिल्यांदा हसले.

पहाटे चारला काम सुरू झाले. पहिले सहा बोकड झाल्यावर मी मटण तोलले. नानांच्या अंदाजाप्रमाणे ते ७६ किलो व्हायला हवे होते. काट्यावर ७६ किलो २०० ग्रॅम आले. हातात काटा असलेला माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. उरला होता सातवा, ज्याचे त्यांनी चौदा सांगितले होते, सगळ्यांत भरलेला दिसणारा.

तो सोलल्यावर नानांचा हात थांबला. मांस फिके होते आणि बोट लावले की ओले लागत होते. जबड्याखाली, छातीच्या पुढे, कातडीच्या आत पाण्यासारखा चिकट थर साचलेला. यकृत बाहेर काढले तेव्हा ते गाठाळ आणि टणक निघाले, आणि सुरीने चिरल्यावर त्याच्या नळ्यांतून पानासारखे चपटे कृमी बाहेर आले. पाझर तलावाच्या, पाटाच्या कडेला जिथे गोगलगायी असतात, तिथल्या ओल्या गवतावर चरणाऱ्या जनावराला हा रोग होतो. रक्त कमी होत जाते आणि अंगात पाणी उतरते. हाताला जे भरलेपण लागले होते, त्यातले बरेचसे हेच पाणी होते.

वजन साडेअकरा भरले, पण त्याला आता अर्थ नव्हता. यकृत टाकून बाकीचे वापरावे का, असे यजमानांच्या भावाने विचारले. नानांनी काही न बोलता संपूर्ण बोकड बाजूला केला आणि शेताच्या कडेला खोल खड्डा खणायला सांगितले, कुत्र्यांनी उकरू नये इतका. मग ते हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसले. या रोगात जबड्याखाली सूज येते, ती आपण पाहायला हवी होती, असे ते म्हणाले. पण दिवसभर मान खाली घालून चरलेल्या जनावराला ती संध्याकाळी दिसते. रात्रभर मान वर राहिली की सकाळी उतरलेली असते, आणि आम्ही तर सगळे बोकड सकाळी पाहिले होते. पापणीही त्यांनी उलटली होती, पण धुळीने आणि उन्हाने सगळ्यांचेच डोळे लाल झालेले. "मना हात चुकना," एवढे बोलून ते उठले. हेडीला हे माहीत होते का, असे मी विचारले, तेव्हा त्याला माहीत असते तर तो बोकड त्याने सगळ्यांत आधी विकला असता, सातव्याची वाट पाहिली नसती, असे त्यांचे उत्तर होते. मला ते फारसे पटले नाही, पण मी वाद घातला नाही.

चौदा किलो मटण कमी पडले. सात वाजता अमळनेरला माणूस पाठवून दुकानातून ते आणवले. पिशवी उघडताच मला कळले की यात दोन दाती आहे आणि त्याहून जुनेही आहे. ते मी मोठ्या पातेल्यांत पडू दिले नाही. वाटण त्यातलेच घेतले, तिसरी चूल मांडली आणि ते वेगळे शिजवले. मोठी पातेली तासाभरात उतरली. तिसऱ्या चुलीला पाऊण तास जास्त लाकूड घालावे लागले आणि पहिली पंगत उठेपर्यंत मी तिच्याजवळून हललो नाही. पंक्तीत कोणाला फरक कळला नाही. नाना मात्र त्या पातेल्यातला एक तुकडा चाखून म्हणाले की अजून थोडे राहू द्या.

हिशेबाच्या वेळी त्यांनी सहा नगांचीच मजुरी घेतली. सातवा बोकड त्यांनी कापला होता, सोललाही होता, पण त्याचे पैसे त्यांनी माझ्या खिशात परत कोंबले, आणि दुकानातल्या मटणाचे पैसे मी यजमानांकडून मागितले नाहीत. आषाढातल्या पुढच्या कामाला आम्ही त्याच बाजाराला गेलो, ते आदल्या दिवशी संध्याकाळी, लांबून चालत आलेली जनावरे गावाबाहेरच्या मैदानात मुक्कामाला उतरतात तेव्हा. नाना कंदील हातात घेऊन एकेका बोकडाच्या हनुवटीखाली बोट दाबत फिरत होते, आणि काटा मी गाडीतच ठेवला होता.