मुखपृष्ठावरचा धुरा

विदर्भातल्या कादंबरीला मुखपृष्ठ शोधावं लागत नाही, ते तयारच असतं. तडकलेली जमीन, तीत एक वाळलेलं झाड, झाडाखाली कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. आभाळ तांबडं. तालुक्याच्या डीटीपीवाल्या पोराला मी नुसतं 'आपल्याकडच्या शेतकऱ्यांची गोष्ट आहे' एवढंच सांगितलं होतं. चहा येईस्तोवर त्यानं हे सगळं पडद्यावर मांडलं.

"काका, एकदम विदर्भ वाटते का नाही?"

वाटत होतं. पण माझी गोष्ट विनोदी आहे. दोन चुलतभाऊ, मधात एक धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि त्या धुऱ्यापायी दोन पिढ्या चाललेलं भांडण. पेरणीच्या दोन ओळी कोणी कोणाच्या दाबल्या, एवढाच मुद्दा, म्हणून नाव 'दोन काकरं'. अख्ख्या कादंबरीत एक बैल तेवढा मरतो, तोही म्हातारा होऊन.

बरं, त्या फोटोतली जमीनही आपली नव्हती. फरशी बसवल्यासारखे चौकोनी तुकडे आणि त्यांच्या कडा वर वळलेल्या. ते आटलेल्या तळ्याचं बूड असतं. काळ्या कसदार जमिनीची भेग वेगळी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून एप्रिल-मे महिन्यात वावरात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. सावकाराच्या वावरातही पडतात, आमदाराच्याही. वरची भुसभुशीत माती त्यांत ढासळते, मृगाचं पहिलं पाणी त्यांतूनच सरळ खाली उतरतं, जमीन आपली आपण उलथीपालथी होते. दुकानात बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी तो फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "उन्हाळ्यात भेगा नाही पडन तं काय डांबर पडन?" आणि पावसाचं म्हणाल तर पुणे शहरापेक्षा यवतमाळात वर्षाला पाऊस जास्तच पडतो. आमचं मरण बहुतेकदा त्याच्या वेळा चुकण्यात असतं. दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. कृषी केंद्र चालवतो मी, उधारीच्या वहीत काही नावांपुढची रक्कम मागायला कधीच गेलेलो नाही. पण दर कादंबरीच्या दारात तोच म्हातारा बसवायचा, हे त्या म्हाताऱ्यावरही जुलूमच. २०२३ च्या वर्ध्याच्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या गाळ्यांवरून फिरताना तो इतक्यांदा भेटला की शेवटी रामराम घालावासा वाटला.

खरं तर मुखपृष्ठ ही चीज माझ्या वाचनात उशिरा आली. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांच्या कुंचल्यानं मराठी पुस्तकांना चेहरा दिला, असं नंतर वाचलं. आमच्या ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाच्या, सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं यायची ती खाकी कव्हर घालून. फाटू नये म्हणून ग्रंथपालकाका पुस्तक आल्याआल्या त्याला खाकी कागद चढवायचे, पाठीवर दाखल क्रमांक टाकायचे, आणि फारच झिजलं तर रेक्झिनची बांधणी. शेकडो कादंबऱ्या मी तोंड न पाहताच वाचल्या.

त्यामुळे मुखपृष्ठाची माझी खरी शाळा म्हणजे दुकानातली बियाण्याची पाकिटं. मे-जूनमध्ये त्यांच्या थप्प्या लागतात. पाकिटावर नारळाएवढी बोंडं, पानाला एक भोक नाही, झाड असं लदबदलेलं की त्याला टेकू द्यावा. शेतकरी पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं क्वचितच पाहतो, पुढचं बोंड पाहतो. मात्र दसऱ्यापुढे तोच माणूस येऊन विचारतो, "ते फोटोतलं बोंड कुठी हाय बाप्पा?" त्याला तोंड देण्यात माझी पंचवीस-तीस वर्षं गेली. आत जे उगवणार नाही ते पाकिटावर छापू नये, एवढं त्यातून शिकलो. प्रकाशक मीच, पैसे माझेच, तेव्हा निदान स्वतःच्या पुस्तकावर तरी मला हे पाळता येणार होतं.

सल्ले पुष्कळ आले. मुलगा म्हणाला, एआयला सांग, फुकटात काढून देते. त्यानं काढून दिलेल्या बैलाच्या शिंगांचा मेळच बसेना, आणि बैलामागचा माणूस पंजाबातला वाटत होता. एका मित्राचं म्हणणं, शकुंतला रेल्वे टाक, लोक हळवे होतात. आता शकुंतला मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला यायची खरी, पण माझ्या कथेत ती कुठेच नाही. घरातून सूचना आली की लेखकाचा फोटो मागेच ठेवा, आणि लहान ठेवा.

मला धुरा हवा होता. पण धुऱ्याचं चित्र कसं काढणार? दोन वावरांमधली ती गवताची पट्टी. बाभूळ, एखादी बोर, तरोटा, काटेरी झुडपं, सापाचं बीळ. उभं राहून फोटो काढला की नुसतं गवत दिसतं. लग्नाच्या शूटिंगवाल्या एका पोराकडे ड्रोन होता, त्याला घेऊन पोळ्यानंतर वावरात गेलो. वरून मात्र धुरा सुरेख दिसला. एका अंगाला पऱ्हाटीच्या ओळी, दुसऱ्या अंगाला सोयाबीन, मधून वाकडीतिकडी हिरवी रेघ. तेवढ्यात शेजारच्या वावरातून एक जण धावत आला. "मोजणीवाले हाय का? कोणं अर्ज केला?" त्याची समजूत काढता काढता बॅटरी संपली. आणि माझ्या लक्षात आलं, हा फोटो छापला तर ज्याचा धुरा तो, आणि ज्याचा नाही तोही, दोघं दुकानात येऊन बसतील. फोटो राहिला. चित्रच काढायचं ठरलं.

चित्रात काय, दोन काळे तुकडे, त्यांवर पेरणीच्या बारीक रेघा, मधात हिरवा पट्टा. आणि तो पट्टा बसवायची जागा पुस्तकात आधीच तयार होती. छपाईला मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मधला कणा असा एकच सलग कागद जातो. कणा म्हणजेच धुरा! समोरचं पान थोरल्याचं वावर, मागचं धाकट्याचं. पोरगा खुश झाला. "काका, हे लय भारी हाय," म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटरवरच्या वाढदिवसाच्या बॅनरला पहिल्यांदा बाजूला सारलं.

मग सुरू झाली मोजणी. २४० पानं म्हणजे १२० कागद. ७० जीएसएम वजनाचा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकं छापायचा साधा कागद, साधारण दहा कागदांना एक मिलिमीटर भरतो, म्हणजे कणा १२ मिलिमीटरच्या आसपास. मी शेवटचं प्रकरण कापलं की धुरा अरुंद. कागद जाड घ्यायचं ठरलं की धुरा रुंद, आणि तो कोणाच्या वावरातून घ्यायचा हा प्रश्न. कादंबरीत जे भांडण मी लिहिलं होतं ते आता पडद्यावर चाललं होतं, फक्त इथे फूटपट्टी स्टीलची होती.

काळ्या रंगानं वेगळाच छळ केला. पडद्यावर ती माती पहिल्या पावसानंतर दिसते तशी दिसायची, जवळजवळ निळसर, ओली. नमुन्याची प्रिंट आली ती राखाडी, फेब्रुवारीतल्या ढेकळासारखी. नुसत्या काळ्या शाईला खोली येत नाही, तिच्याखाली निळी, गुलाबी, पिवळीही थोडी थोडी घालावी लागते, असं छापखान्यातल्या माणसानं सांगितलं. घातली. मातीला मॅट लॅमिनेशन शोभून दिसलं, पण गडद मॅटवर बोटांचे ठसे उमटतात. चकचकीत करा, असं पोराचं मत. चकचकीत माती मी कुठे पाहिलेली नाही. ठसे उमटू द्या म्हटलं, हातात घेतल्याचीच खूण ती.

अक्षरांचं लवकर उरकलं. पोराला नाव लग्नपत्रिकेच्या वळणदार टाइपात हवं होतं, मी जाड आणि साधा निवडला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, तो घेतला. त्याचा बारकोड पांढऱ्या चौकटीत मागच्या बाजूला गेला, खाली किंमत.

बांधणीवाल्यानं मात्र आधीच हात झटकले होते. "मशीनवर एखादा-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होते, त्याला इलाज नाही." नमुन्याची प्रत आली तेव्हा धुरा खरोखरच थोरल्याच्या वावरात शिरला होता, रेघ स्पष्ट दिसत होती. शेवटी पोरानंच तोड काढली. पट्टा दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर वाढवला आणि कडा गवतासारख्या फाटक्या ठेवल्या, म्हणजे सरकला तरी कोणाला कळू नये. दोघांच्याही वावरातून सारखं घेतलं. तलाठ्याला जे जमलं नाही ते कॉम्प्युटरवरच्या कोरल ड्रॉनं केलं.

पुस्तकं आली ती नेमकी पेरणीच्या गर्दीत. काउंटरवर एक प्रत उलटी-सुलटी पाहत एक गिऱ्हाईक बराच वेळ उभं होतं.

"पुढचं वावर कोणाचं म्हन्ता?"

"थोरल्याचं."

"मंग किंमत न् त्या काळ्या रेघा धाकट्याच्याच वावरात काहून टाकल्या?"

छापखान्याची पद्धत तशी असते, असं मी सांगून पाहिलं. त्याला ते पटलं नाही, कारण तो घरात धाकटा आहे. सोयाबीनच्या दोन बॅगा त्यानं रोखीनं घेतल्या. पुस्तक वहीत लिहायला लावलं, कापूस विकला की देतो म्हणाला.