बारा रुपयांवर अडलेलं पोर्टिंग

नंबर पोर्ट करताना, म्हणजे नंबर तोच ठेवून मोबाईल कंपनी बदलताना, नवी कंपनी कधी अडवत नाही. ती सिम घरपोच आणून द्यायला तयार असते. अडवते जुनी, आणि तेही पहिल्याच पायरीला.

माझा नंबर पोस्टपेड, कोल्हापुरात घेतलेला, म्हणजे महाराष्ट्र सर्कलचा (सर्कल म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग). राहायला बेळगावात, म्हणजे कर्नाटक सर्कलमध्ये. इंग्रजीत पोर्ट, मध्ये एक जागा, पुढं दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० ला टाकला की आठ अक्षरांचा यूपीसी कोड यायला हवा, तो नव्या कंपनीला द्यायचा असतो. आला नकार. कारण थकबाकी.

ॲपवर बाकी शून्य. दुकानात म्हणाले, आमच्याकडं काही दिसत नाही, कस्टमर केअरला फोन लावा. केअरवाले म्हणाले, दुकानात जा. चौथ्या कॉलला सापडलं: मागचं एक बिल दोन दिवस उशिरा भरलं होतं, त्याचा विलंब आकार. बारा रुपये! ॲप ते दाखवत नव्हतं, बिलिंगवाले सोडत नव्हते.

डिसेंबर २०१९ पासून कोड देण्याआधीच पात्रता तपासतात. पोस्टपेडला देय तारीख उलटून गेलेला एक रुपयाही चालत नाही. चालू महिन्याचं अजून न निघालेलं बिल मात्र आड येत नाही, ते आत्ताच भरा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. केअरला 'पोर्ट करायचंय' असं सांगितलं की समोरून ऑफरच सुरू होतात. त्यापेक्षा 'देय तारीख उलटलेली रक्कम नेमकी किती' एवढंच विचारा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे भरल्यावर पावती जपा आणि एक दिवस थांबा. मी त्याच संध्याकाळी घाईनं मेसेज टाकला आणि दुसरा नकार ओढवून घेतला. भरलेली रक्कम त्यांच्या बिलिंगला पोचलीच नव्हती. कोड आला दुसऱ्या दिवशी दुपारी.

नकाराची आणखी कारणं: नंबर त्या कंपनीत ९० दिवसांचा नसणं, नावबदलाचा अर्ज प्रलंबित असणं. शिवाय १ जुलै २०२४ पासून, सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. रेंज सुधारेल म्हणून आधी नवं सिम घेणारे इथंच अडकतात.

कोड चार दिवसच चालतो. म्हणून आधी कंपनी ठरवा, मग कोड मागवा. ठरवताना दुकानदाराचं ऐकू नका. शेजाऱ्याचा फोन मागून घेऊन स्वयंपाकघरात आणि परड्यात रेंज बघा. बेळगावजवळ बाचीकडं राहत असाल तर सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीचा टॉवर फोन ओढून घेतो, दांड्या भरलेल्या दिसतात पण त्या पलीकडच्या सर्कलच्या असू शकतात.

नव्या कंपनीकडं आधार नेलं, फोटो झाला, सिम मिळालं. सर्कल बदलत असल्यामुळं पाच कामाचे दिवस लागतात, त्याच सर्कलमध्ये तीन. रविवार धरू नका. बदलाच्या वेळी काही तास नंबर बंद असतो, त्या दिवशी बँकेचं ओटीपीचं काम ठेवू नका.

हो, प्रीपेडवाल्यांनो, उरलेला बॅलन्स आणि पॅकचे दिवस सोबत येत नाहीत. पॅक संपत आल्यावरच हलवा. पोस्टपेडवाल्यांना जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नंतर येतं. ते भरलं नाही तर ती कंपनी नव्या कंपनीकडं तुमचा नंबर बंद करायला सांगू शकते. माझं आलं, त्याच दिवशी भरलं, आणि विलंब आकार नाही ना ते दोनदा बघितलं.