त्रास नसताना केलेली तपासणी

"काहीच होत नाही, मग तपासणी कशाला?" असे मीही म्हणत असे, परंतु दंडावरचा पट्टा सैल झाला आणि परिचारिकेने १५०/९६ हा आकडा कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवला, तेव्हा उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचूनच वाढतो, हे ऐकीव वाक्य अंगावर आले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला तर एचपीव्ही विषाणूच्या संसर्गानंतर साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात, आणि त्या अवधीत पेशींतील बदल सापडल्यास ते साध्या उपचाराने थोपवता येतात. म्हणूनच ७० टक्के स्त्रियांची चाचणी वयाच्या ३५ वर्षांपर्यंत एकदा व ४५ पर्यंत पुन्हा व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० सालासाठीचे उद्दिष्ट आहे. माझ्या बहिणीने मात्र तारीख दोनदा पुढे ढकलली. भीतीपेक्षा संकोचच (असे तीच म्हणते) अधिक होता.